प्रेशर स्विच ‘गेलाय’ सांगून आमच्या वर्कशॉपला कसं लुबाडलं

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात ज्यांचं छोटं मशीन शॉप आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सर्व्हिसवाला म्हणून एक माणूस या भागात फिरतो. एअर लाइनवरचा डिजिटल प्रेशर स्विच खराब झालाय असं सांगतो, वापरलेला स्विच नवा म्हणून बसवतो, तुमचा चांगला स्विच काढून नेतो. आणि जाताना सेटिंग असं करून ठेवतो की हवा कमी पडली तरी मशीन थांबत नाही. पैसे गेले त्याचा राग आहेच. पण आमच्या ऑपरेटरच्या जिवावर बेतलं असतं, म्हणून गप्प बसवत नाही.

भोसरी एमआयडीसीत बाबांनी सुरू केलेलं वर्कशॉप आता मी बघते. चार व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलची संगणकावर चालणारी कटिंग मशीनं आहेत, ॲल्युमिनियम कास्टिंगचं मशीनिंग चालतं. प्रत्येक फिक्स्चरला, म्हणजे जॉब पकडून ठेवणाऱ्या साच्याला, हवेच्या मेन हेडरवरून (मुख्य पाइपवरून) वेगळी लाइन, तिला स्वतःचं एफआरएल (हवा गाळणारं आणि दाब ठरवणारं युनिट) आणि त्याच्या पुढे मॅनिफोल्डवर डिजिटल प्रेशर स्विच. जॉब धरणारे सिलिंडर ६३ एमएम बोअरचे, म्हणजे आतल्या व्यासाचे. सहा बारला (बार हे दाबाचं एकक) असा एक सिलिंडर साधारण १८७० न्यूटन जोर देतो, म्हणजे शॉपमधल्या बोलीत १९० किलो. हवा साडेचार बारवर आली की तोच जोर १४०० न्यूटनवर येतो, आणि त्याखाली गेलेलं आमच्या फिक्स्चरला चालत नाही. कटर फिरत असताना जॉब हलला तर काय होतं, हे मशीनवर उभं राहिलेल्या माणसाला सांगायला नको.

स्विचचं काम एवढंच, की दाब पुरेसा असेल तर मशीनच्या पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला, २४ व्होल्टचा सिग्नल द्यायचा आणि कमी पडला की तो बंद करायचा. त्यासाठी त्यात दोन आकडे भरलेले असतात. दाब चढत चढत सेट पॉइंटला पोचला की सिग्नल सुरू होतो. उतरत उतरत रीसेट पॉइंटला आला की बंद. या दोन आकड्यांत मुद्दाम अंतर ठेवतात, कारण लाइनमधला दाब कधी एका जागी थांबत नाही. आमचा कॉम्प्रेसर ६ बारला लोड होतो, म्हणजे हवा भरायला लागतो, आणि ७.२ ला अनलोड, म्हणजे भरणं थांबवतो. दिवसभर काटा या दोन आकड्यांच्या मध्ये फिरत असतो. मशीन बसवली तेव्हा सेट ५.० आणि रीसेट ४.५ ठेवलं होतं. रीसेटला अर्ध्या सेकंदाचा डिले, म्हणजे एखादा व्हॉल्व्ह उघडल्यावर क्षणभर दाब पडला तर मशीन उगाच थांबू नये. हे सगळं मशीनच्या फाइलमध्ये एका कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद पुढे फार उपयोगी पडला.

गेल्या पावसाळ्यात दोन नंबरच्या मशीनवर लो एअरचा अलार्म यायला लागला. सतत नाही, फिक्स्चरची सीट साफ करणारा एअर ब्लो सुरू झाला की यायचा. मशीन उभी असताना गेज बघावं तर साडेसहा. मशीन लावून देणारा आमचा सेटर म्हणाला, “ताई, हवा तर बरोबर आहे, मग हा थांबवतो कशाला?” आमचे नेहमीचे मेंटेनन्सवाले गणपतीला कोकणात गेले होते. शेजारच्या शेडमध्ये एक सर्व्हिसवाला आला होता, त्याला त्या शेडवाल्यांनीच आमच्याकडे पाठवलं.

माणूस बोलायला गोड, अंगात कंपनीचा वाटावा असा शर्ट, बॅगेत चांगला मल्टिमीटर. स्विचची बटणं दाबून बघितली, दोन वायरींवर प्रोब टेकवले आणि म्हणाला, “मॅडम, सेन्सर गेलाय. पावसाळ्यात लाइनमधून पाणी येतं, आतला डायफ्रॅम बसतो. आता हा केव्हाही दगा देणार.” पावसाळ्यात हवेत बाष्प जास्त असतं, रिसिव्हरमध्ये (हवेच्या टाकीत) पाणी जास्त साचतं, ड्रेन जास्त वेळा सोडावा लागतो, हे खरंच आहे. त्याच्या बोलण्यात खऱ्याची अशी भेसळ असते, आणि त्यामुळेच ते पटतं.

नव्या स्विचचे साडेचौदा हजार, प्रोग्रॅमिंगचे अडीच हजार वेगळे. जुना स्विच ‘बायबॅक’मध्ये घेऊन पाचशे रुपये कमी केले. बाकीच्या मशीनींचे स्विच “फुकट चेक करून देतो” म्हणून एक आणि तीन नंबरवरही बटणं दाबून आला. निघताना सेटरला सांगून गेला, “मी लॉक टाकलाय. कोणी हात लावू नका, नाहीतर प्रोग्रॅम उडेल.”

दोन नंबरचा अलार्म बंद झाला. मग काही दिवसांतच एक आणि तीन नंबरला तोच त्रास सुरू झाला, आणि तिथे तर कॉम्प्रेसर लोडवर येण्याआधी दर वेळी. पुन्हा त्यालाच बोलावलं. पुन्हा तेच निदान, तोच दर. तीन नंबरचा जुना स्विच मात्र आमच्या सेटरने दिला नाही. “ताईंना विचारल्याशिवाय स्टोअरमधून काही बाहेर जात नाही,” म्हणून त्याने तो ड्रॉवरमध्ये टाकला. मी तेव्हा बँकेत होते. सेटरचा तो हट्ट नसता तर आज माझ्या हातात काहीच पुरावा नसता.

पुढची गोष्ट लिहिताना अजून हात थरथरतो. दोन नंबरवर फेस मिल चालू असताना जॉब सरकला. मोठा आवाज झाला, इन्सर्टचे (कटरच्या पात्यांचे) तुकडे उडून दाराच्या काचेवर आदळले. दार बंद होतं. ऑपरेटर नुकताच बारावी होऊन आलेला मुलगा, काचेच्या अलीकडे वीतभर अंतरावर उभा. कटर गेला, फिक्स्चरचे लोकेटिंग पिन वाकले, स्पिंडल तपासून घ्यावा लागला. आणि मशीनवर अलार्म एकही नाही! मशीनचा स्वतःचा जो एअर स्विच असतो तो मेन लाइन बघतो, आणि मेन लाइनला हवा भरपूर होती. फिक्स्चरच्या लाइनवर मात्र स्क्रीन दाखवत होती २.९ बार, आणि स्विचचा दिवा खुशाल हिरवा.

गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, बाबांचे एक जुने मित्र आले. पिंपरीच्या मोठ्या कारखान्यात आयुष्यभर मेंटेनन्समध्ये काढलेले. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरलाही हात लावायच्या आधी फाइल मागितली. मग दोन नंबरच्या स्विचची दोन्ही बटणं एकत्र धरून दहाएक सेकंद दाबली. कुलूप उघडलं. सेट पॉइंट १.८, रीसेट १.५. काका एवढंच म्हणाले, “हा माणूस अलार्म दुरुस्त करायला आला नव्हता बाळा, अलार्मचा गळा दाबायला आला होता.”

दीड बारला तो सिलिंडर जेमतेम ४७० न्यूटन देतो. म्हणजे हवा जवळजवळ संपेपर्यंत मशीन कापत राहणार अशी सोय करून तो गेला होता आणि त्याचे अडीच हजार घेऊन गेला होता.

काकांनी मेनू आणखी पुढे नेला. या स्विचच्या मेमरीत आजवर पाहिलेला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी दाब साठवलेला असतो. ‘नव्या’ स्विचमध्ये सर्वांत जास्त दाब निघाला ९.४ बार. आमच्या रिसिव्हरचा सेफ्टी व्हॉल्व्ह साडेआठला उडतो. आमच्या लाइनने तो आकडा दाखवणं शक्यच नाही. स्विच उतरवला तर आट्यांच्या तळाशी जुनी टेफ्लॉन टेप काळी पडून रुतलेली, वरून ताजी पांढरी गुंडाळलेली; षटकोनावर पान्याच्या घसटीच्या खुणा. हा स्विच आधी दुसऱ्या कोणाच्या तरी कारखान्यात चालत होता. कदाचित तिथेही तो ‘गेलाय’ म्हणूनच काढला असेल.

मग ड्रॉवरमधला तीन नंबरचा जुना स्विच टेबलावर आला. २४ व्होल्टचा एक एसएमपीएस (पॉवर सप्लाय), रेग्युलेटर, खात्रीचं ग्लिसरीन गेज, आणि स्विचची एम-१२ केबल. तपकिरी वायर प्लसला, निळी शून्याला, काळी आउटपुट; आमचे स्विच पीएनपी, म्हणजे आउटपुटला प्लस देणारे, असल्याने मल्टिमीटर काळ्या आणि निळ्याच्या मध्ये. स्विचमध्ये निघालं सेट ६.४, रीसेट ६.३५, डिले शून्य. फाइलमध्ये ५.०, ४.५ आणि अर्धा सेकंद. फुकट चेक करताना त्याने हे करून ठेवलं होतं. ज्या लाइनवर दाब ६ ते ७.२ मध्ये फिरतो तिथे रीसेट ६.३५ वर नेला की कॉम्प्रेसरच्या प्रत्येक फेरीत मशीन थांबणारच. काकांनी आकडे पूर्ववत भरले, रेग्युलेटरची मूठ हळूहळू फिरवली. गेज पाचवर आलं तसे मीटरवर २४ व्होल्ट उभे राहिले. उलट फिरवत साडेचारवर आणलं, अर्धा सेकंद, आणि शून्य. पुन्हा पुन्हा केलं, दर वेळी तेच. स्विच ठणठणीत होता. त्याच दिवशी तो मशीनवर परत चढवला आणि आजही तो तिथेच काम करतो आहे.

मग दोन नंबरला मुळात अलार्म का येत होता? काकांनी एफआरएलचा बाउल उघडला. फिल्टर एलिमेंट चिखलासारख्या थराने चोंदलेलं. हवा वाहत नसताना पुढे-मागे दाब सारखाच दिसतो, म्हणून गेजवर साडेसहा. एअर ब्लो उघडला, हवा वाहायला लागली की चोंदलेल्या फिल्टरपुढे दाब कोसळायचा आणि स्विच तो बरोबर पकडायचा. अपघाताच्या दिवशी क्लॅम्पच्या पुश फिटिंगमधून पीयू ट्यूब (हवेची प्लॅस्टिक नळी) निसटत आली होती, गळती सतत चालू होती, म्हणून दाब २.९ वरच अडकला. एलिमेंट काही शे रुपयांचं, फिटिंग त्याहून स्वस्त.

शेजारच्या शेडला त्याने दुसराच सल्ला दिला होता, कॉम्प्रेसरचं प्रेशर आठवर न्या. तिथे गळत्या वाढल्या आणि वीजबिलही. सात बारच्या आसपास एक बार वाढवला की कॉम्प्रेसरची वीज साधारण ६ ते ७ टक्क्यांनी वाढते, तेही काहीही जास्त काम न होता.

कागदोपत्रीही फसवणूकच होती. बिलावर १८ टक्के जीएसटी लावलेला, २७ ने सुरू होणारा नंबर छापलेला. आमच्या अकाउंटंटला ही बिलं जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर दिसणाऱ्या आमच्या खरेदीच्या यादीत, कधी दिसली नाहीत. पोर्टलवर नंबर टाकून पाहिला तर नोंदणी केव्हाच रद्द झालेली. तो नंबर पोर्टलवर कोणालाही फुकट तपासता येतो, मिनिटभराचं काम आहे. पैसे देण्याआधी तपासा, नंतर नको.

त्याला फोन केला. “मॅडम, तुमच्याच माणसाने सेटिंग बदललं असेल,” म्हणाला. मेमरीतल्या ९.४ बारबद्दल विचारल्यावर फोन कट. नंतर नंबर बंद.

वकिलांनी सांगितलं की व्यवसायासाठी घेतलेल्या मालाची तक्रार ग्राहक आयोगात सहसा टिकत नाही. २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला तेवढी सूट आहे. एकट्याने दोन-चार मशीनी चालवणाऱ्यांनी ही सूट आपल्याला लागू होते का ते जरूर विचारावं. आम्ही पोलिसांकडे लेखी अर्ज दिला आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे जुन्या ४२० च्या जागी आलेलं कलम. अर्जासोबत बिलं, मेमरीतल्या आकड्यांचे फोटो आणि फाइलमधला तो कागद जोडला आहे.

तुमच्याकडे कोणी “स्विच गेलाय” म्हणालं तर आधी त्याच्यासमोर सेट, रीसेट आणि डिलेचे फोटो काढा. तो बटणं दाबायच्या आधी काढा, आणि दाबून झाल्यावर पुन्हा काढा. आमच्या तीनही प्रकरणांत एवढ्यानेच तो उघडा पडला असता. नवा स्विच दाखवला तर बसवण्याआधी टेबलावर २४ व्होल्ट देऊन मेमरी बघा, कोऱ्या स्विचमध्ये दुसऱ्या कारखान्याचा दाब नसतो. लॉक टाकायला हरकत नाही, पण ते कसं उघडायचं हे तुमच्या माणसाला माहीत हवं. आणि जुना स्विच पाचशे रुपयांसाठी देऊ नका, चालत नसला तरी.

स्विच बदलल्यावर चाचणीही स्वतः घ्या. स्पिंडल बंद, जॉब काढलेला, दार लावलेलं. एफआरएलची मूठ हळूहळू सैल करत जायची आणि गेजवर कोणत्या आकड्याला मशीन थांबते ते बघायचं. आमच्या इथे आता दर सोमवारी पहिल्या शिफ्टला सेटर हे करतो आणि वहीत आकडा लिहितो. आमचं रीसेट ४.५ म्हणून तुमचंही तेच ठेवू नका. तुमच्या सिलिंडरचा बोअर आणि कटिंगचा जोर वेगळा असेल, फिक्स्चर ज्याने बनवलं त्याला विचारून ठरवा.

एक आणि दोन नंबरचे आमचे मूळ स्विच अजून मिळालेले नाहीत. त्यांच्या पाठीवर सेटरने पांढऱ्या पेंट मार्करने मशीनचा नंबर लिहिलेला आहे, पुसला तरी खरवडल्याची खूण राहील. तुमच्याकडे हल्ली कोणी ‘नवा’ स्विच बसवून गेलं असेल तर एकदा उतरवून त्याची पाठ बघा आणि मला कळवा.