गेमसकट जुना प्लेस्टेशन घेताय? नागपुरात माझ्यासोबत काय झालं ते आधी वाचा

जुना प्लेस्टेशन ५ (टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशिन, म्हणजे कन्सोल) ‘सगळ्या गेमसकट’ घ्यायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. ज्या जाहिरातीवरून मला फसवलं, ती नाव बदलून अजूनही फिरते आहे, म्हणून लिहितोय.

मिहानमध्ये नोकरी लागली आणि मी धाकट्या भावासोबत अमरावतीहून बेसा भागातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. मे महिना, पारा ४५ च्या घरात. अर्धं सामान खोक्यांतच होतं, पण टीव्ही आणि कूलर लागले होते. ऑफिसातून आल्यावर दोघांनी कूलरसमोर बसून निवांत खेळावं, एवढीच इच्छा. एप्रिल २०२४ मध्ये आपल्याकडे स्लिम मॉडेल आलं तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० आणि बिनडिस्कच्या डिजिटल एडिशनची ४४,९९० होती. वर नवा मोठा गेम घ्यायचा तर पाच हजारांच्या आसपास. डिपॉझिट, दलाली आणि टेम्पो यांतच पगार संपला होता. त्यामुळे ‘डिजिटल एडिशन, १४ गेम लाइफटाइम, ३४,०००’ ही जाहिरात पाहून फोन केला.

विकणारा धरमपेठेत भेटला. बोलायला अगदी नम्र. बिल दाखवलं, सिरियल नंबर जुळवू दिला, दोन्ही कंट्रोलर चालवून दाखवले, एकेक गेम उघडून दाखवला. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, “दादा, नवीन घरी वायफाय लागलं काय?” मी म्हटलं, अजून वेळ आहे. “मंग टेन्शनच नाही. माझी प्रोफाइल राहू देतो, तिच्यावरूनच खेळा. ती काढून टाकली तर सगळे गेम जातील न.”

हे शेवटचं वाक्य खरं होतं. त्याने खोटं फार कमी सांगितलं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

वायफाय लागेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. कनेक्शन आलं, कन्सोल इंटरनेटला जोडला आणि प्रत्येक गेमवर कुलपाचं चिन्ह आलं. त्याला मेसेज केला तर उत्तर आलं, “रिन्यू करावं लागते, ४,००० पाठवा, लगेच चालू करून देतो.” मी नाही म्हटलं. मग नंबर ब्लॉक.

यामागची करामत अशी. डिजिटल, म्हणजे डिस्कशिवाय डाउनलोड केलेले गेम कन्सोलचे नसतात, ज्या खात्यातून घेतले त्या खात्याचे असतात. खातेदार एका वेळी एकाच प्लेस्टेशन ५ वर ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ ही सोय सुरू ठेवू शकतो. ती सुरू असली की त्या मशिनवर कुणालाही, इंटरनेट नसतानाही, ते गेम खेळता येतात. त्याने दुसऱ्या मशिनवर ती सुरू केली आणि आपलं खातं पहिल्यावरून दुरूनच साइन आउट केलं, की पहिल्यावरचे गेम बंद होतात. पण पहिलं मशिन इंटरनेटला जोडलेलं नसेल, तर त्याला हे कळतच नाही! म्हणून वायफायची चौकशी. नवं घर लावणारा माणूस दमलेला असतो, घरी इंटरनेट नसतं, आणि कुलूप दिसेपर्यंत पैसे देऊन बरेच दिवस झालेले असतात. हे हेरून केलेलं काम आहे. पासवर्ड त्याच्याकडे, म्हणजे तेच १४ गेम तो पुढच्यालाही ‘विकू’ शकतो.

१९३० वर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली. पोलिसांचा पहिला प्रश्न होता, “कन्सोल तुमच्याजवळ आहे, चालतो, बिलही आहे. मग गेलं काय?” प्रश्न चुकीचा नाही. उत्तर देता आलं ते जाहिरातीच्या स्क्रीनशॉटमुळे. ‘१४ गेम लाइफटाइम’ असं लिहिलेलं होतं, आणि चॅटमध्ये ४,००० ची मागणीही होती. खोटं सांगून पैसे काढणं ही फसवणूकच, पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. जाहिरात, चॅट आणि यूपीआयची नोंद पहिल्याच दिवशी जपून ठेवा, कारण जाहिरात नंतर काढून टाकली जाते.

घेताना मोबाइलचं हॉटस्पॉट सोबत असू द्या. विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याचं खातं काढायला लावा, कन्सोल फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे आतलं सगळं पुसून टाका, मग स्वतःच्या खात्याने लॉगिन करून बघा. कंपनीने बंदी घातलेलं मशिन असेल तर तेही इथेच उघडं पडतं. यानंतर समोर जे उरतं, तेवढ्याचेच पैसे द्यायचे. गेम हवेच असतील तर डिस्कवालं मॉडेल बघा. डिस्क तुमच्या हातात राहते, नको झाली की बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, विकताही येते. रीसेटला नाही म्हणणाऱ्याशी भाव करत बसू नका.

आता त्याच फोटोची जाहिरात दुसऱ्या नावाने आहे. मागे निळ्या चादरीचा पलंग दिसतो, आणि मजकुरात ‘प्रोफाइलसकट मिळेल’ असं लिहिलंय. कुणी याच पद्धतीने फसलं असेल तर कन्सोल चालतो म्हणून गप्प राहू नका, आपली तक्रार नोंदवा आणि त्यात ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो नक्की लिहा. माझ्या तक्रारीत तो आहे. दोन तक्रारींत तोच आयडी निघाला, तर ‘गेलं काय’ हे पुन्हा पहिल्यापासून समजावत बसावं लागणार नाही.