जुन्या जिप्सी किंगची पावसाळ्याआधीची खरेदी: काय घेतलं, काय नाकारलं

महाबळेश्वरला राहून जुनी पेट्रोल गाडी सांभाळायची तर मे संपायच्या आत तिच्यावर पैसे घालावेच लागतात. आमची जिप्सी किंग १९९८ची, कार्बोरेटरवाली, तेराशे सीसी, आठ व्हॉल्व्ह. हंगामात स्ट्रॉबेरीचे क्रेट घेऊन वाईला उतरते, एरवी तापोळ्याकडच्या शेताच्या वाटेवर चिखल तुडवते. यंदाचं सगळं सामान पुण्यात नाना पेठेतल्या एका जुन्या दुकानातून आणलं. पाऊस अंगावर काढून झाला, आता त्याबद्दल लिहायला हरकत नाही.

दुकान म्हणजे एक अरुंद काउंटर. मागे छतापर्यंत खोके, पुढे मिस्त्री लोकांची गर्दी. गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धी सकाळ जाते. पण काउंटरवरच्या काकांचा पहिलाच प्रश्न होता, "ताई, किंग की साधी? कार्बोरेटर की एमपीएफआय (इंजेक्शनवाली)?" आणि दुसरा, "जुना पार्ट आणलाय का?" हे दोन प्रश्न न विचारता जो खोका पुढे सरकवतो, त्याच्याकडून जिप्सीचं काही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनी डेल्कोची, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, कॅप मी पिशवीतून काढून दिली. काकांनी दोन नव्या कॅपा शेजारी उलट्या ठेवल्या. एकीचे आतले टर्मिनल पांढरे, ॲल्युमिनियमचे. दुसरीचे पिवळे, पितळी. मधला कार्बनचा ठिपका अंगठ्याने दाबला तर पितळीवालीचा टचकन वर आला, पांढरीवालीचा निम्म्यावरच अडकला. किमतीत दुपटीचा फरक. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनासुद्धा घाम फुटतो. अशा हवेत ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि सकाळी गाडी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवते. पितळी कॅप घेतली, सोबत रोटर घेतला, आणि डेल्कोच्या बुडाची ओ-रिंगही घेतली. या इंजिनात डेल्को हेडच्या मागच्या टोकाला, कॅमशाफ्टवर बसतो. ती रबरी रिंग कडक झाली की तेल बेलहाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या आवरणावर) ओघळतं आणि मिस्त्री क्रँकचं सील गेलं म्हणून गिअरबॉक्स उतरवायला निघतात. आधी ती रिंग बदलून बघा, स्वस्तात सुटाल.

प्लगच्या वायरींवर मात्र मी हात आखडला नाही. ब्रँडेड, कार्बन कोरचा, सिलिकॉन आवरणाचा सेट घेतला. घरी येऊन मल्टिमीटर लावला, तर वायरीच्या लांबीप्रमाणे ओहम वाढत गेले आणि वायर वाकवली तरी आकडा उड्या मारत नव्हता. जुन्या सेटची परीक्षा याहून सोपी आहे. रात्री अंधारात बोनेट उघडायचं, इंजिन चालू ठेवायचं आणि वायरींवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा फवारा मारायचा. निळ्या ठिणग्या वायरीवरून हेडवर उडताना दिसल्या की समजायचं, ओढा ओलांडताना गाडी मिसिंग का करते. पंखा इंजिनलाच जोडलेला असल्यामुळे पाणी जरा वर चढलं की तोच ते सगळीकडे उडवतो. नव्या वायरी बसवताना एकेक काढून तिच्या जागी तेवढीच घालावी. सगळ्या एकदम उपटल्या तर एक-तीन-चार-दोन हा क्रम आठवत बसावं लागतं. टोप्यांच्या आत डायइलेक्ट्रिक ग्रीसचं बोट फिरवलं. यंदा धुक्यात, पावसात, चढावर गाडीने एकदाही खोकला काढला नाही. या खरेदीतला सगळ्यात वसूल झालेला पैसा हाच.

प्लग साधेच, एनजीके बीपीआर६ईएस. शेजारच्या गिऱ्हाइकाने इरिडियमची शिफारस केली, त्याची किंमत चार-पाच पट. इरिडियम टिकतो जास्त, हे खरं. पण कार्बोरेटरचं मिक्स्चर जरा गडद झालं की तोही तितकाच काळा होतो, आणि हे प्लग काढायला पाच मिनिटं लागतात, मग टिकण्यासाठी एवढे पैसे का मोजायचे? गॅप फीलर गेजने पाऊण मिलिमीटरच्या आसपास ठेवला. दुसऱ्या कंपनीचा पर्याय घेत असाल तर एक लक्षात ठेवा: एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड (उष्णता लवकर सोडणारा), बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. त्यामुळे बीपीआर६ला जोड डब्ल्यूआर७डीसीची. सहाला सहा शोधत बसू नका.

आता तेलं. इथे दुकानाचा एक गुण मी कापते. गिअरबॉक्ससाठी जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल मागितलं, तर "नव्वद नंबर (म्हणजे तेलाचा जाडपणा) सगळीकडे एकच चालतं" म्हणत जीएल-५ दर्जाचं पुढे केलं. ते एकच नाही. क्राऊनमधले, म्हणजे चाकांच्या ॲक्सलवरच्या डिफरन्शियलमधले, हायपॉइड दात एकमेकांवर घासत फिरतात, त्यांना जीएल-५मधलं गंधक-फॉस्फरसचं जादा औषध लागतंच. तेच औषध गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर अलगद जुळवणाऱ्या कड्यांना) हळूहळू खातं, आणि मग दुसरा गिअर टाकताना करकर सुरू होते. मी अडून बसले, तेव्हा पोरगा गोदामातून ८०डब्ल्यू-९० जीएल-४ घेऊन आला. जिप्सीची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून सुटी, मधे छोटा शाफ्ट, त्यामुळे तिचं तेल वेगळं भरावं लागतं. गिअरबॉक्सला १.३ लिटर, ट्रान्सफरला ०.८, पुढच्या क्राऊनला २, मागच्याला १.५. म्हणजे जीएल-४च्या तीन बाटल्या आणि जीएल-५च्या चार. खालचा बोल्ट उघडण्याआधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतोय ना, हे बघून घ्यावं.

मागच्या क्राऊनमधून तेल दुधाळ निघालं. तापलेली हाउसिंग ओढ्याच्या गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या भोकातून) पाणी ओढून घेते. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर चॅसीला बांधली. काकांनी नळीचे पैसे घेतले नाहीत.

इंजिन ऑइल १५डब्ल्यू-४०. पातळ ५डब्ल्यू-३० सिंथेटिकचा मोह टाळावा. अलीकडच्या पेट्रोल इंजिनांच्या पातळ ग्रेडमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी फॉस्फरसवर मर्यादा असते, आणि आमच्या रॉकर आर्मच्या घासणाऱ्या तोंडांना तोच हवा असतो. ब्रेक ऑइल डॉट ४, लहान सीलबंद बाटलीतलं. डॉट ३ कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ २३०ला. क्रेट भरून पसरणी घाट उतरताना हा फरक पायाला कळतो. फोडलेली बाटली कपाटात ठेवू नये, ती हवेतलं पाणी पिते, आणि इथे हवेत पाणीच पाणी. कूलंट तयार मिश्रणाचं घेतलं. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, त्यात बोअरचं पाणी ओतायची माझी तयारी नाही.

एकूण, दुकानाला पाचपैकी चार. वस्तू खरी, बिल पक्कं, फक्त तेलाचा नंबर स्वतः वाचून घ्या.

डेल्कोच्या व्हॅक्युम ॲडव्हान्सचा (ठिणगीची वेळ पुढे-मागे करणाऱ्या भागाचा) डायफ्राम, म्हणजे पडदा, मात्र तिथे मिळाला नाही. नळी तोंडाने ओढली की आतली प्लेट हलते, पण सोडायच्या आधीच परत येते, म्हणजे पडदा फाटलाय. काकांनी नंबर वहीत उतरवून घेतलाय. सातारा किंवा कोल्हापूरकडे कुणाजवळ खोक्यातला असेल तर कळवा. भंगारातला नको, त्याचाही पडदा तेवढाच जुना असणार.