कोल्हापुरी चप्पल (कापशी, चप्पल लाईन): घ्याच, पण कुणी बनवली ते विचारून घ्या

रेटिंग आधीच सांगून टाकते. चपलेला पाचपैकी पाच, आणि ती ज्या पद्धतीने आपल्याला विकली जाते त्याला तीन. दोन्ही वेगवेगळं का दिलंय ते खाली आहे, लांबलंय थोडं, पण विषयच तसा आहे.

कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन झालं की चप्पल लाईनला, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या गल्लीला, चक्कर ठरलेलीच. भावासाठी कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) घेतली, अठराशेला, आणि माझ्यासाठी एक हलकी वेणीवाली. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण त्या गल्लीत चांगला माल बऱ्याच ठिकाणी मिळतो आणि खराब मालही त्याच गल्लीत मिळतो, त्यामुळे दुकानापेक्षा जोड कसा बघायचा हे सांगितलेलं बरं.

जोड उलटा करून बघा. तळाला जाड म्हशीचं कातडं असतं, थर एकमेकांना चामड्याच्याच वादीने (बारीक पट्टीने) शिवलेले असतात, आरीने भोक पाडून त्यातून वादी ओढून घेतलेली, आणि नीट केलेल्या जोडात एकही लोखंडी खिळा नसतो. दोन थरांच्या मधून बाजूला जे कान बाहेर येतात त्यांच्यावरच सगळा वरचा पट्टा तोललेला असतो, म्हणून कान आधी ओढून बघायचे, हलले तर तो जोड सरळ खाली ठेवायचा. माझ्या जोडाच्या पट्ट्यावरची वेणी इतकी बारीक आहे की नखाने चाचपडलं तरी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते सापडत नाही. हे काम बहुतेक घरातल्या बायका करतात. रंग मधासारखा, आणि तो रंगाच्या डब्यातून आलेला नाही, कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असतं त्याचाच तो रंग आहे आणि वासही त्याचाच. सुरुवातीला कडक लागते, अंगठ्याजवळ टोचते, तेल लावून थोडी थोडी घालत गेलात की पायाचा आकार घेते आणि मग दुसरं काही पायात घालावंसं वाटत नाही. इथपर्यंत पाचपैकी पाच, एकही मार्क कापत नाही.

आता तीन का ते. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा ह्या महागड्या इटालियन ब्रँडच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये मॉडेल लोकं अंगठ्याची चप्पल घालून चालली, आणि कोल्हापूरच्या कुठल्याही पोराने लांबून बघून सांगितलं असतं ही कशाची नक्कल आहे. शोमध्ये नुसतं लेदरचे सँडल म्हणून दाखवले, कोल्हापूरचं नाव नाही, भारताचंही नाही. आपल्याकडे जे रान उठलं ते बरोबरच होतं आणि त्याचा उपयोगही झाला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं, प्राडाकडून उत्तर आलं की हो, हे भारतीय पारंपरिक हस्तकलेच्या पादत्राणांवरून घेतलंय. नंतर त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटूनही गेली.

पण कायद्याचं जे आहे ते मला फार लागलं आणि ते आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय २०१९ मध्ये, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून, आपले चार जिल्हे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. आता हा जीआय मुख्यतः नावाला संरक्षण देतो. आकाराला नाही, डिझाईनला नाही. आणि तोही भारताच्या हद्दीत. म्हणजे प्राडाने डिझाईन उचललं पण नाव वापरलंच नाही, त्यामुळे जीआयच्या कायद्यात त्यांना धरणं अवघड. मुंबई हायकोर्टात वकिलांनी जनहित याचिका केली होती ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली, कोर्टाचं म्हणणं असं की जीआयचे नोंदणीकृत मालक लिडकॉम आणि लिडकर (महाराष्ट्र आणि कर्नाटक सरकारची चर्मोद्योग महामंडळं) आहेत, तक्रार असेल तर त्यांनी यावं.

आणि ह्याच कायद्याने बघितलं तर हायवेच्या कडेला, पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर, ऑनलाईन साईटवर रेक्झिनची, खाली रबर चिकटवलेली, ह्या आठ जिल्ह्यांच्या बाहेर कुठेतरी मशीनवर काढलेली चप्पल 'ओरिजनल कोल्हापुरी' म्हणून दोनशे रुपयाला विकतात ना, तो थेट जीआयचा भंग आहे. डिझाईन पण घेतलं आणि नाव पण घेतलं. त्याच्यावर कुणी ट्रेंड चालवत नाही. मिलानवाल्याने श्रेय दिलं नाही म्हणून आपण सगळे चिडलो, मीही चिडले, अजूनही चिडलेली आहे, पण कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या कारागिराचं रोजचं गिऱ्हाईक ह्या दोनशेच्या मालाने नेलंय, आणि विकत घेणारे आपणच आहोत.

दुसरी गोष्ट म्हणजे दुकानात विचारलं की हा जोड कुणी बनवला, तर बऱ्याच ठिकाणी उत्तर येतं 'आपलाच माल आहे ताई'. आपलाच म्हणजे कुणाचा? हा धंदा ढोर आणि चांभार समाजाच्या पिढ्यान् पिढ्यांच्या हातावर उभा आहे, कातडं कमावायचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांना गावाने अस्पृश्य म्हणून लांब ठेवलं, शाहू महाराजांनी ह्या धंद्याला आणि ह्या लोकांना आधार दिला म्हणून कोल्हापूरचं नाव झालं. बाराव्या शतकात, बसवण्णांच्या काळात, हरळय्या ह्या चर्मकार भक्ताने आणि त्यांच्या बायकोने स्वतःच्या मांडीच्या कातड्याची पायताणं केली ही कथा कर्नाटकात आजही सांगतात, आणि अथणी, निपाणीकडचा कितीतरी माल ह्याच लाईनला विकायला येतो. तर 'आपली संस्कृती' म्हणून छाती फुगवताना त्यात ह्या माणसांचं नाव यायलाच पाहिजे. नाही आलं तर मिलानमध्ये जे झालं आणि दुकानाच्या काउंटरवर जे होतं त्यात मला तरी फरक दिसत नाही.

मला मिळालेल्या जोडाच्या बाबतीत चांगलं झालं. दुकानदार मामांनी सरळ सांगितलं कुठल्या वस्तीत बनला, कारागिराचं नावही सांगितलं, म्हणाले, "वादी सुटली तर फेकू नका, घेऊन या, त्याच्याचकडनं शिवून देतो." लिडकॉमने आता क्यूआर कोड पण आणलाय, स्कॅन केला की कारागीर किंवा युनिट, जिल्हा, कुठलं कातडं वापरलं हे सगळं कळतं. फारच चांगलं काम आहे, पण मी फिरले त्यातल्या बऱ्याच दुकानांत कोड लावलेला जोड मागितला तर दिला नाही, काहींना त्याचं नावच माहीत नव्हतं. दोन मार्क इथे कापलेत. गिऱ्हाईकांनी मागायला लागलं की दुकानं ठेवतील, म्हणून मागा, प्रत्येक वेळी मागा.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने लिडकॉम आणि लिडकरबरोबर करार केला, तेव्हा ठरलं की २००० जोड इथेच महाराष्ट्र-कर्नाटकात बनवून घ्यायचे, किंमत साधारण ८०० युरो, म्हणजे आपले ८० हजारांच्या वर. मला हे आवडलं, मनापासून. न विचारता उचलण्यापेक्षा टेबलावर बसून करार केलेला कधीही चांगला, त्यात कारागिरांना ट्रेनिंगही आहे. पण माझी एक मागणी आहे, त्या ८० हजारांतले चप्पल शिवणाऱ्या हाताला जोडामागे किती पडतात तो आकडा जाहीर करा. आणि युरोपियन युनियनने १ डिसेंबर २०२५ पासून हस्तकलेच्या वस्तूंनाही जीआय नोंदणी खुली केलीय, बाहेरच्या देशांनाही अर्ज करता येतो, तर दोन्ही महामंडळांनी कोल्हापुरीची नोंदणी तिकडे करून टाकावी, उशीर करू नये.

घेणाऱ्यांसाठी बाकीचं पटकन. साईज किंचित घट्टच घ्या, चामडं सैल होतं. पावसाळ्यात अजिबात घालू नका, भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात ठेवली की तडकते. कापशी वजनाला जड आहे, रोज लांब चालणार असाल तर पातळ तळाची घ्या. हजाराच्या खाली कुणी अस्सल कापशी म्हणून देत असेल तर तळ उलटा करून शिलाई बघा, आणि भाव करताना ती वेणी कुणीतरी हाताने विणलीय एवढं लक्षात ठेवून करा.