मालवणची स्कूबा सफर आणि पावाला सोकावलेले मासे

मालवणला स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरण्याची सफर, करून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक ठरावीक व्हिडिओ असतो: मध्यभागी मास्क लावलेला, अंगठा आणि तर्जनीची गोल खूण करणारा पर्यटक आणि त्याच्या चेहऱ्याभोवती गरगर फिरणारे पिवळ्या पाठीचे, काळ्या पट्ट्यांचे मासे. गेल्या डिसेंबरात मी आणि माझी एकोणीस वर्षांची पुतणी अशा दोन सफरी लागोपाठच्या दोन दिवशी, दोन वेगवेगळ्या व्यावसायिकांकडून करून आलो. दोन्हींचा अनुभव इतका निराळा होता की त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. व्यावसायिकांची नावे मुद्दाम देत नाही, कारण पहिल्या ठिकाणी जे घडले ते किनाऱ्यावर अनेक ठिकाणी घडत असावे, असे इतर पर्यटकांशी बोलताना जाणवले.

पहिल्या दिवशी माणशी दीड हजार रुपये घेतले गेले. त्यात होडीचे भाडे, साहित्य आणि व्हिडिओ हे सर्व आले. आरोग्याविषयीचा अर्ज भरून घेतला, कान दुखू लागल्यास नाक चिमटीत धरून हवा कशी दाबायची ते शिकवले, श्वास कधीही रोखायचा नाही हे दोनदा बजावले आणि अंगठा वर करण्याचा अर्थ ‘छान’ असा नसून ‘मला वर न्या’ असा होतो, हेही सांगितले. इथवर तक्रारीला जागा नव्हती. साहित्य स्वच्छ होते, मास्क नीट बसला होता आणि पुतणीचा प्रशिक्षक तिची टाकी मागून घट्ट धरून होता. मासे अंगावर आले तर काय करायचे, याविषयी मात्र एक शब्दही कोणी उच्चारला नाही. पुतणीने होडीत बसतानाच विचारले तेव्हा ‘घाबरू नका, ते काय करूचे नाय’ एवढेच उत्तर मिळाले.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांपाशी आम्ही पाच-सहा मीटर खोलीवर स्थिरावलो. पाणी जरा गढूळ होते आणि चार-पाच मीटरपलीकडे काही दिसत नव्हते, पण या किनाऱ्यावर ते अपेक्षितच असते, त्यामुळे त्याचा दोष मी कोणाला देत नाही. मग कॅमेरा सुरू झाला आणि प्रशिक्षकाने कमरेची प्लास्टिकची बाटली काढून माझ्या मास्कसमोर दाबली. आत भिजवलेला पाव होता. काही क्षणांत पन्नास-साठ मासे आमच्यावर तुटून पडले. हे मासे सार्जंट मेजर नावाचे, वीतभराहून लहान. त्यांचे तोंड इतके बारीक असते की कातडी सहसा फाटत नाही. तरीही बोटांची टोके, कानाच्या पाळ्या आणि माझ्या गुडघ्यावरचे जुने खरचटलेले यांवर ते टोचा मारत राहिले. पाण्याखाली मास्कमधून प्रत्येक वस्तू साधारण एकचतुर्थांश अंतराने जवळ आणि एकतृतीयांशाने मोठी दिसते, त्यामुळे नवख्याला ते मासे आहेत त्याहून बरेच मोठे वाटतात, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

पुतणीने हात झटकायला सुरुवात केली आणि तेच नेमके चुकीचे ठरले, कारण पाण्यात हलणारी पांढरट बोटे त्या माशांना पावाच्या तुकड्यांसारखीच दिसत असावीत. झटापटीत तिचा मास्क सरकला, आत पाणी आले आणि तिने अंगठा वर केला. प्रशिक्षकाने तिला शांतपणे, सावकाश वर आणले, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु तिने घाबरून श्वास रोखला असता आणि स्वतःच वर झेप घेतली असती, तर अवघ्या दीड-दोन मीटरच्या चढणीतही फुप्फुसांतील हवा प्रसरण पावून गंभीर इजा होऊ शकली असती. माशाचा चिमटा किरकोळ असतो, त्याने उडणारी घाबरगुंडी किरकोळ नसते, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे.

दुसरी सफर माणशी अडीच हजारांची होती. तिथल्या प्रशिक्षिकेने आरंभीच सांगितले, ‘आम्ही पाव नेत नाही, त्यामुळे मासे कमी दिसतील. चालेल ना?’ त्यानंतर तिने पाच मिनिटे केवळ माशांविषयी घालवली. मासे जवळ आले तर मुठी वळून हात छातीशी घ्यायचे, नेहमीसारखा श्वास सोडत राहायचे, म्हणजे बुडबुड्यांना बिचकून लहान मासे आपोआप दूर होतात, आणि मासा एकाच जागेभोवती फिरून पुन्हापुन्हा अंगावर येत असेल तर ती जागा त्याची आहे असे समजून आपण बाजूला व्हायचे. शेवटची सूचना वीस मिनिटांत उपयोगी पडली. एका खडकावर जांभळट डाग दिसला. ती सार्जंट मेजरची अंडी होती. राखणीला असलेला निळसर झालेला नर थेट माझ्या मास्कवर धावून आला. प्रशिक्षिकेने मला दोन हात बाजूला ओढले आणि तो लगेच परत फिरला. आदल्या दिवशीचे मासे मात्र काही केल्या परतत नव्हते, कारण त्यांना माणसाजवळ खाऊ मिळतो हे माणसानेच शिकवले होते.

काही वर्षांपूर्वी अंदमानात स्वराज द्वीपावर डाईव्ह करताना मी अशीच माहिती ऐकली होती, तीही याहून गंभीर सुरात. तिथे टायटन ट्रिगरफिश नावाचा, पाऊण मीटरपर्यंत वाढणारा मासा आढळतो. घरट्यावर असताना तो पाणबुड्याच्या फिन्सना, म्हणजे पायांतल्या वल्ह्यासारख्या पट्ट्यांना, खरोखर चावे घेतो. त्याचे राखीव क्षेत्र घरट्यापासून वर रुंदावत जाणाऱ्या शंकूसारखे असते, म्हणून त्याच्यापासून वर न पळता, फिन्स त्याच्या दिशेला ठेवून आडवे दूर जायचे असते. मालवणच्या या खडकांवर मला तसले काही भेटले नाही. पण माहिती देण्याचा तो रिवाज इथेही असायला हरकत नव्हती.

पाव नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी गर्दी कमी होती हे खरे. तरी कपारीत तोंड काढून बसलेला एक गोबरा, जोडीने फिरणारे फुलपाखरू मासे आणि खडकावरचे शेवाळ खरवडणारे मासे आम्ही निवांत पाहिले. हा सारा परिसर 1987 साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या आसपासचा आहे, आणि तिथे माशांना मैद्याची सवय लावणे मला मुळातच विपरीत वाटते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने पाणबुड्यांनी माशांना खाऊ घालण्यावर वीसहून अधिक वर्षांपूर्वीच बंदी घातली आहे.

पहिल्या ठिकाणच्या चालकाशी मी परतल्यावर बोललो. त्याने काही लपवले नाही. व्हिडिओत मासे दिसले नाहीत तर गिऱ्हाईक पैसे परत मागते, आणि पावसाळ्याचे चार महिने धंदा बंदच असतो, असे त्याचे म्हणणे होते. त्याची अडचण मला पटली. मात्र बाटली काढण्यापूर्वी पर्यटकाला विचारण्यास एकही रुपया लागत नाही, हे त्यालाही पटल्यासारखे दिसले. साहित्य आणि प्रशिक्षकाची पाण्यातली सावधगिरी यांसाठी पहिल्या सेवेला मी पाचपैकी अडीच गुण देईन आणि दुसरीला साडेचार. राहिलेला अर्धा गुण भाड्याच्या वेटसूटचा, म्हणजे पाण्यात घालायच्या घट्ट पोशाखाचा, कारण तो माझ्या पोटावर मिटेना.

आरक्षण करताना फोनवरच विचारून घ्यावे की पाण्यात पाव किंवा बिस्किटे नेता का, आणि नको असेल तर तसे स्पष्ट सांगावे. अंगावर ताजे खरचटलेले असल्यास पूर्ण बाह्यांचा वेटसूट मागावा. पहिल्या दिवसाचा व्हिडिओ आम्हाला संगीतासह मिळाला. त्यात मासे फारच सुंदर दिसतात, आणि कोपऱ्यात बाटली धरलेला हातही दिसतो. पुतणीने तो कोणाला पाठवलेला नाही.