मुलगा बोटीवर, जीव नकाशावर : जहाज दाखवणारी अ‍ॅपं घरच्यांच्या किती कामाची?

मर्चंट नेव्हीत मुलगा असलेल्या घरात, मग ते गुहागरातलं असो की पुण्यातलं, मरीनट्रॅफिक नाहीतर व्हेसलफाइंडर हे बोट नकाशावर दाखवणारं अ‍ॅप हमखास सापडतं. मुलगा साइन ऑन झाला, म्हणजे बोटीवर कामाला रुजू झाला, की बोटीचं नाव वडिलांच्या फोनमध्ये जातं. आठवडाभरात बोट नकाशावरून गायब होते आणि मग नोकरी लावून देणाऱ्या एजंटच्या ऑफिसात फोन सुरू होतात. बोटीला बहुतेक वेळा काहीही झालेलं नसतं. ही अ‍ॅपं माल पाठवणारे, शिपिंग एजंट आणि बंदरातली माणसं यांच्या धंद्याच्या जोरावर वाढली. आईबाप हे त्यांचं गिऱ्हाईक कधीच नव्हतं, त्यामुळे घरच्यांना काय समजून घ्यायला हवं ते त्यात कुठे लिहिलेलं नसतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. फुकटातली आवृत्ती बहुतेक घरांना पुरते. पैसे भरायची वेळ क्वचित येते. आणि मुलगा चांगल्या बोटीवर आहे की नाही हे या नकाशावर कळतच नाही, त्यासाठी इक्वासिस नावाची दुसरी, पूर्ण फुकट साइट आहे. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

सुरुवात बोटीच्या नावाने करू नका. एकाच नावाच्या डझनभर बोटी जगात फिरत असतात, आणि बोट विकली गेली की नावही बदलतं. मुलाच्या कॉन्ट्रॅक्टवर किंवा जॉइनिंगच्या पत्रावर सात आकडी आयएमओ नंबर असतो, तो टाका. बोट भंगारात जाईपर्यंत हा नंबर बदलत नाही. फोनवर ऐकून लिहून घेतला असेल तर तो बरोबर आहे का हे कागदावर तपासता येतं. पहिल्या सहा आकड्यांना ओळीने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे नंबरातला सातवा आकडा. ९०७४७२९ घेतला तर ६३, ०, ३५, १६, २१ आणि ४ मिळून १३९ होतात, शेवटी ९, म्हणजे जमलं. दुसरा नंबर नऊ आकडी, एमएमएसआय. तो रेडिओचा नंबर, आणि झेंडा, म्हणजे बोट ज्या देशात नोंदलेली तो देश, बदलला की तोही बदलतो. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात : ४१९ भारत, ६३६ लायबेरिया, ५३८ मार्शल आयलंड्स. पनामाचे आकडे बरेच आहेत, ३५१ ते ३५७ त्यांतलेच.

आता बोट गायब का होते ते. आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या ३०० ग्रॉस टन आणि त्यावरच्या प्रत्येक बोटीवर एआयएस नावाचं यंत्र सक्तीचं आहे. ते व्हीएचएफ रेडिओलहरींच्या १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर बोटीची जागा, वेग आणि दिशा सांगत राहतं. बोट चालू असेल तर दर २ ते १० सेकंदांनी, नांगरावर असेल तर दर ३ मिनिटांनी. पण व्हीएचएफ सरळ रेषेत जातो, पृथ्वीच्या गोलाईपलीकडे पोचत नाही. किनाऱ्यावरच्या टेकडीवर अँटेना असला तरी साधारण चाळीसेक सागरी मैलांच्या पुढची बोट ऐकू येणं कठीण. हे अँटेना बऱ्याच ठिकाणी हौशी माणसांनी आपापल्या गच्चीवर लावलेले असतात. म्हणून सिंगापूरच्या सामुद्रधुनीत बोट मिनिटामिनिटाला दिसते आणि भर समुद्रात लागली की संपलं. तिथून पुढे उपग्रहच ऐकू शकतात, आणि उपग्रहाची माहिती दोन्ही अ‍ॅपं पैसे घेऊन विकतात.

त्यामुळे बोटीचं पान उघडलं की आधी ठिपक्याकडे बघू नका. माहिती शेवटची कधी मिळाली ती वेळ बघा. '५ मिनिटांपूर्वी' असेल तर बाकीचं वाचण्यात अर्थ आहे. '६ दिवसांपूर्वी' असेल तर तो ठिपका म्हणजे बोट जिथे शेवटची ऐकू आली ती जागा, आज बोट तिथे नाही. पुढचा हिशेब घरीच होतो. बल्क कॅरिअर, म्हणजे धान्य-कोळशासारखा सुटा माल नेणारी बोट, साधारण १२ ते १४ नॉट्सने (ताशी तितके सागरी मैल) चालते. १३ नॉट्स धरले तर २४ तासांत ३१२ सागरी मैल, म्हणजे सुमारे ५७८ किलोमीटर. सिंगापूर ते केपटाउन साधारण ५,६०० सागरी मैल आहे, म्हणजे १८ दिवस. एवढ्या दिवसांत फुकटच्या नकाशावर बोट जवळपास दिसणारच नाही, ही खूणगाठ निघतानाच बांधून ठेवावी. कॅलेंडरवर तारीख लिहा आणि अ‍ॅप बंद करा.

मरीनट्रॅफिकच्या नकाशावर रंग बोटीचा प्रकार सांगतात : मालवाहू हिरवी, टँकर लाल, प्रवासी निळी. बाण म्हणजे चालती बोट, गोल म्हणजे थांबलेली. नांगरावरच्या बोटीचा मागचा मार्ग उघडून बघितला तर गोल गोल रेघोट्या दिसतात. खुंटीला बांधलेलं जनावर चरावं तशी बोट वाऱ्याने आणि भरती-ओहोटीने नांगराभोवती फिरते, त्यात वावगं काही नाही.

खरी गल्लत होते ती पुढच्या रकान्यांत. जागा, वेग आणि दिशा यंत्र आपोआप पाठवतं. पण कुठे चालली, कधी पोचणार, किती खोल बसली आहे आणि स्थिती काय, हे चारही रकाने ब्रिजवरचा, म्हणजे बोट चालवायच्या खोलीतला, अधिकारी हाताने भरतो, बहुधा सेकंड मेट. तो विसरला की जुनंच राहतं. बोट १२ नॉट्सने पळतेय आणि स्थिती 'धक्क्याला बांधलेली' असं दिसलं तर वेगावर विश्वास ठेवा. पोचण्याच्या वेळेत यंत्र महिना, दिवस, तास आणि मिनिट पाठवतं, वर्ष पाठवतच नाही. मागच्या सफरीची तारीख तशीच राहिली तर अ‍ॅपवर भलतंच काहीतरी दिसतं. शिवाय ती वेळ जागतिक वेळेत, यूटीसीमध्ये, भरतात. अ‍ॅप ती बदलून दाखवतंय की नाही हे एकदा बघून घ्या, नाहीतर साडेपाच तास मिळवा.

ठिकाणाच्या रकान्याला जागा फक्त २० अक्षरांची, म्हणून तिथे पाच अक्षरी कोड येतात. आयएनएनएसए म्हणजे न्हावाशेवा, आयएनएमयूएन मुंद्रा, एसजीएसआयएन सिंगापूर, एनएलआरटीएम रॉटरडॅम. 'फॉर ऑर्डर्स' लिहिलेलं असेल तर पुढचं बंदर अजून ठरलेलं नाही, इतकंच. मुलाला विचारूनही त्याला सांगता येणार नाही, कारण त्यालाही माहीत नसतं. 'आर्म्ड गार्ड्स ऑनबोर्ड' वाचून पुष्कळ आयांची झोप उडाली आहे. ती चाच्यांना लांबूनच दिलेली तंबी असते. बोटीवर बंदूकधारी पहारा असेल तर उलट बरंच.

स्थितीत 'नॉट अंडर कमांड' दिसलं की घरात रडारड होते. नियमाप्रमाणे त्याचा अर्थ बोट ठरल्यासारखी वळवता येत नाही, आणि इंजिन किंवा सुकाणू बिघडल्यावर ते लावतातच. पण धक्का मोकळा व्हायची वाट बघत, इंजिन बंद ठेवून वाहत राहिलेल्या बोटीही सर्रास तेच लावून ठेवतात. एक-दीड नॉट वेग आणि आजूबाजूला तशाच पाचपन्नास बोटी दिसत असतील तर ती रांग आहे. नकाशावर ९७० ने सुरू होणारा नंबर दिसला तर ते जीवरक्षक बोटीतलं संकटाचं यंत्र. ते बहुतेक वेळा चाचणीसाठी चालू केलेलं असतं, आणि संदेशात तसं लिहिलेलंही असतं.

बोट जमिनीवर दिसणं हा अलीकडचा नवा ताप. काळा समुद्र, पूर्व भूमध्य आणि पर्शियन गल्फमध्ये जीपीएसमध्ये मुद्दाम ढवळाढवळ होते. यंत्राला चुकीची जागा मिळते आणि तीच ते पुढे सांगतं. मग ढीगभर बोटी एखाद्या विमानतळावर उभ्या किंवा समुद्रात एकाच वर्तुळात गरगरताना दिसतात. तांबड्या समुद्रात तर नोव्हेंबर २०२३ पासूनच्या हल्ल्यांमुळे बऱ्याच कॅप्टननी एआयएस बंद ठेवूनच बोटी काढल्या. सुरक्षिततेला धोका असेल तर कॅप्टनला तशी मुभा आहे. अशा वेळी 'आमचा मुलगा आत्ता इथे आहे' म्हणून स्क्रीनशॉट नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये. मुलाने सांगितलेली पुढची वाट तर मुळीच टाकू नये. तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून जाणाऱ्या बोटीला सिंगापूर ते रॉटरडॅम सुमारे साडेतीन हजार सागरी मैल जास्त पडतात, म्हणजे १३ नॉट्सने आणखी अकरा दिवस.

फोन कधी करावा हे मात्र नकाशावरून छान ठरवता येतं, आणि त्यासाठी त्याचा वापर फारसं कोणी करत नाही. बोटीच्या रेखांशाला १५ ने भागा, यूटीसीपासूनचं अंतर मिळतं. ७५ पश्चिम रेखांशावर बोट असेल तर उणे ५ तास, म्हणजे आपल्याकडे रात्री आठ तेव्हा तिथे सकाळचे साडेनऊ. बोटीवरचं घड्याळ कॅप्टन ठरवेल तसं मागेपुढे होतं, तासाभराचा फरक धरून चाला. मग मुलाचा वॉच, म्हणजे कामाची पाळी, बघा. थर्ड मेट ८ ते १२, सेकंड मेट १२ ते ४, चीफ मेट ४ ते ८, सकाळ-संध्याकाळ दोन्ही. सेकंड मेटला त्याच्या सकाळी सात-आठला उठवणं म्हणजे निव्वळ छळ. बोट धक्क्याला लागली की निवांत बोलता येईल असंही घरच्यांना वाटतं, पण बंदरात कामाचा सगळ्यात मोठा रेटा असतो : माल चढणं-उतरणं, तपासण्या, सामान, इंधन. नांगरावर, किनारा जवळ असताना, जास्त बोलणं होतं. स्टारलिंकचं उपग्रहावरचं इंटरनेट आल्यापासून भर समुद्रातूनही व्हिडिओ कॉल येतात, पण डेटाचा कोटा कंपनी ठरवते आणि महिनाअखेर तो संपतो.

दोन अ‍ॅपांत निवड करायची तर साध्या वापराला आमची पसंती व्हेसलफाइंडरला. पान सुटसुटीत आहे आणि लागतं ते पहिल्या पडद्यावर मिळतं. मरीनट्रॅफिक २००७ पासूनचं. किनाऱ्यावरच्या अँटेनांचं जाळं मोठं, फोटोंचा साठा दांडगा. २०२३ मध्ये केप्लर या व्यापारी माहिती विकणाऱ्या कंपनीने ते विकत घेतलं. त्यात कुलूपबंद रकाने आणि 'अपग्रेड करा'चा आग्रह मात्र जास्त आहे. दोन्ही टाकून ठेवायला हरकत नाही, एकाला न ऐकू आलेली बोट कधी कधी दुसऱ्याला ऐकू येते. आवडत्या बोटींच्या यादीत बोट टाकून बंदरात आल्याची आणि निघाल्याची सूचना चालू करा, म्हणजे तासातासाला उघडून बघायला नको.

इक्वासिस वेगळ्या कामाची. २००० पासून चालू असलेली ही साइट सरकारी यंत्रणांच्या पाठबळावर चालते. ईमेल देऊन नोंदणी करायची आणि आयएमओ नंबर टाकायचा. तपासणीच्या भागात कोणत्या बंदरात बोट तपासली, किती त्रुटी निघाल्या आणि अडवून ठेवली का, हे तारखेसकट येतं. तीन वर्षांत एखादी किरकोळ नोंद सगळ्यांचीच असते. बोट वारंवार अडवली गेली असेल, क्लास (बोट धडधाकट असल्याचा तपासणी संस्थेचा दाखला) काढून घेतलेला असेल किंवा दोन वर्षांत तीन झेंडे आणि तीन मालक झाले असतील, तर मुलगा चढण्यापूर्वी दहा प्रश्न विचारा. पी अँड आय विमा, म्हणजे अपघात, खलाशी वगैरेंच्या भरपाईचा बोटमालकाचा विमा, इंटरनॅशनल ग्रुपच्या १२ क्लबांपैकी एकाचा असेल तर चांगलं. व्यवस्थापक कंपनीचं नाव कॉन्ट्रॅक्टवरच्या नावाशी ताडून बघा. एजंटकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरती करण्याचा सरकारी परवाना, आहे का ते डीजी शिपिंग या जहाजवाहतुकीच्या सरकारी कार्यालयाच्या साइटवरच्या यादीत दिसतं, आणि नोकरी लावून देण्याचे पैसे मागणारा एजंट तिथेच सोडावा. टँकर असेल, एआयएस आठवडेच्या आठवडे बंद राहत असेल आणि झेंडाही बदलत असेल, तर 'सिग्नल नसेल' म्हणून सोडून देऊ नका. निर्बंध चुकवणारं तेल वाहणाऱ्या बोटी अशाच वागतात, आणि पकडल्या गेल्यावर आत खलाशी अडकतात. पगार थकवून बोट वाऱ्यावर सोडली तर एमएलसी या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराखालच्या विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतीचा खर्च मिळू शकतो. त्या विम्याचं प्रमाणपत्र बोटीवर लावलेलं असतं. त्याचा फोटो मुलाने पहिल्याच आठवड्यात घरी पाठवून ठेवावा.

राहता राहिले पैसे. उपग्रहाची वर्गणी लांबच्या सफरीपुरती, एका महिन्यासाठी घ्यायची असेल तर घ्या. तीही संकटात घाईघाईने घेऊ नका. बोटीशी संपर्क तुटलाच तर कंपनीकडे तुमच्या आधी आणि जास्त माहिती असते. कंपनीचा चोवीस तासांचा नंबर आणि डीजी शिपिंगच्या संपर्क केंद्राचा नंबर फोनमध्ये आधीच असावा. वर्गणी घेतल्या दिवशीच आपोआप नूतनीकरण बंद करा, कारण मुलगा साइन ऑफ होऊन घरी आला तरी कार्डावरून पैसे कापले जातच राहतात.