राजम्यासाठी मातीची हंडी: घ्यावी, पण पारखून

कुकर दाणा शिजवतो, पण रस आटवून त्याच्यावर चढवत नाही. ते काम ओव्हनमध्ये पाच-सहा तास ठेवलेल्या मातीच्या हंडीचं. बोस्टनकडचे लोक असे पांढरे दाणे मोलॅसिस (साखर करताना उरणारा काळा, दाट पाक) आणि डुकराच्या मांसासोबत अरुंद तोंडाच्या भांड्यात करतात. आपल्याकडे काकवी, मोहरी आणि खान्देशी काळा मसाला घातला तरी पदार्थ तितकाच भरीव होतो.

धुळे-जळगावकडच्या आठवडे बाजारात मिळणारी अडीच लिटरची, बिनझिलईची हंडी या कामाला उत्तम. खापरावर मांडे करणाऱ्या मुलखात माती तापवणं नवं नाही. मात्र बोटाने वाजवून घ्या. खणखणीत वाजली तर नीट भाजलेली, बद्द वाजली तर तडा असतो. तोंड अरुंद हवं. पसरट भांड्यात वरचे दाणे कोरडे पडतात. झाकण मात्र बहुतेक हंड्यांचं डुगडुगतं, ही खरी उणीव. कडेला कणीक लिंपली की भागतं. आणि घरच्या ओव्हनची आतली उंची आधी मोजा, लहान ओव्हनमध्ये हंडी झाकणासकट मावत नाही.

पाव किलो चित्रा राजमा १० तास भिजवा. उन्हाळ्यात फ्रिजमध्येच, नाहीतर पाणी आंबतं. बोअरचं जड पाणी असेल तर भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घाला, कारण क्षारांमुळे दाणा दडदडीत राहतो. ते पाणी टाकून द्या. ताज्या पाण्यात राजमा किमान १० मिनिटं खळखळून उकळा. ही पायरी कधीही गाळू नका: कच्च्या राजम्यातलं लेक्टिन (एक विषारी प्रथिन) मंद आचेवर नष्ट होत नाही, पोट जोरात बिघडतं. मग मध्यम आचेवर शिजू द्या. चमच्यात दाणे घेऊन फुंकर मारल्यावर साल सुटून वळली की झालं.

आता हंडीत दाणे, एक मोठा चिरलेला कांदा, तीन मोठे चमचे काकवी, एक चमचा मोहरीपूड, एक चमचा काळा मसाला, दीड चमचा मीठ आणि दाण्यांवर अर्धा इंच येईल इतकं गरम पाणी. टोमॅटो घालायचा तर शेवटच्या दोन तासांत. आंबटपणा आणि काकवी दोन्ही साल घट्ट धरतात. म्हणून अर्धेकच्चे दाणे हंडीत गेले तर रात्रभर ठेवूनही शिजत नाहीत.

हंडी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, भरून थंड ओव्हनमध्ये ठेवा आणि १३० अंशांवर पाच तास चालवा. तापल्या ओव्हनमध्ये थंड हंडी ठेवली की तडकते. दर तासाला पाणी बघा, कमी असेल तर गरमच घाला. शेवटची ४५ मिनिटं झाकण काढा, वर तपकिरी साय येते.

कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर वाढा. हंडी साबणाने धुऊ नका, माती वास शोषते. गरम पाणी आणि काथ्या पुरे.