सोलापुरी चादरीचं वजनदार पांघरूण: घ्यावं का?

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या झोपेसाठी नवी पेठेत शिवून मिळणारं हे पांघरूण. वर सुती सोलापुरी चादर, आत काचेचे बारीक मणी. २० किलोच्या मुलाला २ किलो, म्हणजे वजनाच्या साधारण दहा टक्के, त्याहून जास्त नको. १०० बाय १४० सेंमीत १० सेंमीचे १४० कप्पे, प्रत्येक कप्पा कापडासकट साधारण १४ ग्रॅमचा. कप्पे मोठे ठेवले की सगळे मणी पायाशी गोळा होतात.

खरी खोट शिलाईत आहे. चादरीची वीण जाड आणि सैल, शिलाई एकेरी; दोन-तीन धुण्यांत मणी बाहेर. वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा थेट धोका. आत मांजरपाटाची पिशवी आणि दुहेरी शिलाई मागून घ्या. मण्यांऐवजी ज्वारी स्वस्त पडते, पण धुता येत नाही, वर किडे होतात.

उपयोग? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत साध्या पांघरुणापेक्षा झोप वाढली नाही. मुलांना आणि पालकांना मात्र हेच जास्त आवडलं. त्यामुळे ‘शंभर टक्के फरक’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडे कानाडोळा करा. आधी दोन आठवडे झोपेच्या वेळा लिहा, मग दोन आठवडे पांघरुणासह, पुन्हा दोन त्याशिवाय. मधे औषध, शाळा, जेवणाची वेळ काही बदलू नका, नाहीतर फरक कशाचा ते कळणार नाही.

मुलाला ते स्वतः बाजूला सारता आलंच पाहिजे. डोक्यावरून घालू नका. श्वासाचा त्रास किंवा फिट्स असतील तर आधी डॉक्टर. एप्रिल-मेच्या उकाड्यात तर हे अंगावर नकोच.